कानात खुपणारा ट्रेबल: स्पीकर आणि अँपची जोडी कशी जुळवावी

माझे काका गिरगावातल्या चाळीत पन्नास वर्षं राहिले. बाहेरच्या खोलीत फळीवर दोन बुकशेल्फ स्पीकर, खाली अँप (अँप्लिफायर) आणि रविवारी सकाळी किशोरीताई. लाकडी जमीन, कॉटवर गाद्यांची चळत, दोरीवर कपडे, गॅलरीचं दार सताड उघडं. मग चाळ पाडली, टॉवर उभा राहिला आणि काका चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. तेच स्पीकर, तोच अँप, त्याच सीडी. पहिल्याच रविवारी त्यांचा फोन आला, "अरे, गाणं कानात खुपतंय. तान ऐकवत नाही."

एका दुकानदाराने त्यांना सांगितलं की अँप म्हातारा झाला, आता 'वॉर्म', म्हणजे मऊ आवाजाचा घ्या. काकांनी पेन्शनीतून घेतला. खुपणं होतं तिथेच राहिलं. नंतर मी सलग दोन शनिवार त्यांच्या हॉलमध्ये बसून एकेक गोष्ट तपासली. तोच क्रम इथे देतो. फुकटात होणारं आधी आहे आणि खिशाला हात घालायला लावणारं शेवटी. हा क्रम कृपा करून मोडू नका. ट्रेबल, म्हणजे उंच पट्टीचा आवाज, टोचतो म्हणून अँप बदलणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा दोष अँपमध्ये नव्हताच.

आजच्या बऱ्यापैकी ट्रान्झिस्टर अँपचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती जोरात येतो ते) २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एका डेसिबलच्या आत सपाट असतो. त्यामुळे हा अँप 'वॉर्म', तो 'ब्राइट' या ऐकीव गोष्टींवर मी पैसे लावत नाही. स्पीकर आणि अँपचं खरंच बिनसतं ते तीन कारणांनी: अँपची ताकद अपुरी पडते, स्पीकरचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडसर, ओहममध्ये मोजतात तो) त्याला झेपत नाही, किंवा अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स मधे येतो. तिन्हींचा हिशेब कागदावर मांडता येतो. तो पुढे करूच.

आधी दुखणं ओळखा

"कर्कश वाजतं" एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय खुपतं ते वहीत लिहा.

गायिकेची पट्टी काळी चार धरली, तर तिचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झचा आणि तार षड्ज ४१५ हर्ट्झचा. म्हणजे तार सप्तकातला सूर तांत्रिक अर्थाने ट्रेबल नव्हेच, तो येतो वूफरमधून, म्हणजे स्पीकरच्या मोठ्या शंकूमधून. टोचतात ते त्या सुरावर चढलेले २ ते ५ किलोहर्ट्झमधले उपस्वर. कानाच्या नळीचा स्वतःचा अनुनाद ३ किलोहर्ट्झच्या आसपास असल्याने आपला कान याच पट्ट्यात सर्वांत हळवा असतो. त्यात दोन ड्रायव्हरच्या बहुतेक स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटरची (उंच सुरांच्या छोट्या ड्रायव्हरची) हद्दही २ ते ३.५ किलोहर्ट्झच्या दरम्यान येते. तान खुपते, हार्मोनियम पत्र्यासारखं वाजतं, ही या पट्ट्याची लक्षणं. 'स', 'श', 'च' शिट्टीसारखे येत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झकडे पाहा. झांज, मंजिरी, चिपळ्या काचेच्या चुऱ्यासारख्या वाटत असतील तर त्याच्याही वर.

आता तीन चाचण्या. एकूण अर्धा तास पुरे.

पहिली: नेहमीच्या जागी बसून ऐका, मग उठून एकाच स्पीकरपासून हातभर अंतरावर, ट्वीटरच्या उंचीला कान नेऊन ऐका. आवाज थोडा कमी करा. जवळून गोड आणि सोफ्यावर कर्कश असेल तर दोष खोलीचा. जवळूनही कर्कश असेल तर स्पीकर, अँप किंवा रेकॉर्डिंग. या एका चाचणीने काकांच्या दुखण्याचं तीनचतुर्थांश निदान झालं. स्पीकरला कान लावल्यावर त्यांचा चेहरा खुलला, म्हणाले, "अरे, हा तर चाळीतला आवाज!"

दुसरी: अगदी हळू आवाजात ऐका. हळू गोड आणि मोठ्याने कर्कश असेल तर अँपच्या ताकदीचा संशय घ्या. हळू आवाजातही टोचत असेल तर ताकदीचा प्रश्न नाही.

तिसरी: एकच बाजू टोचत असेल तर अँप बंद करून मागच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो अँपमध्ये किंवा त्याआधी आहे. जागेवरच राहिला तर स्पीकरमध्ये किंवा त्या कोपऱ्यात.

चाचणीला तुमच्या पूर्ण ओळखीची तीन-चार रेकॉर्डिंग्ज घ्या, एक तरी नुसत्या बोलण्याचं. माणसाचं बोलणं आपण आयुष्यभर ऐकत असतो, त्यात कान फसत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून उतरवलेली नाट्यगीतं किंवा कमी बिटरेटच्या एमपी३ यासाठी वापरू नका. त्यांचा कर्कशपणा त्यांचाच असतो.

आणखी एक, काळजीपोटी लिहितो. घरातल्या ज्येष्ठांना गाण्याबरोबर भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, नातवंडांचं ओरडणंही एकाएकी असह्य होत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. वयानुसार ऐकू येणं घटतं तेव्हा मोठे आवाज जास्त बोचू शकतात. त्यावर कोणताही अँप इलाज नाही.

गोधडी लावून पाहा

नव्या टॉवरमधला हॉल आठवा. व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत भिंती, एक अख्खी बाजू सरकत्या काचेची, समोर काचेचं टीपॉय. टाइल्स आणि काच यांवर पडलेल्या उंच पट्टीच्या आवाजातला जेमतेम एक-दोन टक्के भाग शोषला जातो, बाकीचा परत फिरतो. चाळीतल्या गाद्या, कपडे आणि उघडं दार हे काम पन्नास वर्षं न सांगता करत होते.

हे शास्त्र जुनं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नसे, म्हणून १८९५ साली वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून टाकल्या आणि घुमणारा आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. शोषणाचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. आपण तेच गोधडीने करू.

जमिनीवर, स्पीकर आणि सोफ्याच्या मधे, जाड सतरंजी किंवा दुहेरी घडीची गोधडी अंथरा. मग दोन्ही बाजूंच्या भिंती. घरातल्या कुणाला तरी हात-आरसा भिंतीला टेकवून, तुमच्या कानाच्या उंचीवर, हळूहळू सरकवायला सांगा. सोफ्यावर बसून जिथे आरशात स्पीकरचा ट्वीटर दिसेल तिथे पेन्सिलीची खूण. आवाज भिंतीवर आपटून पहिल्यांदा तुमच्याकडे येतो तो तिथूनच. त्या खुणांवर आणखी दोन गोधड्या तात्पुरत्या टांगा, काचेवरचा पडदा पूर्ण ओढा आणि तीच तान पुन्हा लावा.

फरक पडला तर पक्की व्यवस्था करा: जमिनीवर जाड गालिचा, काचेला रुंदीच्या दुप्पट कापडाचा चुणीदार जाड पडदा, खुणेच्या जागी पुस्तकांचं उघडं कपाट. दिवाळी अंकांच्या उंचसखल रांगा आवाज फार शोषत नाहीत, पण त्याला विखुरतात, आणि तेही उपयोगी पडतं. पातळ जाळीचे पडदे किंवा अंड्यांचे ट्रे यांच्यावर भिस्त ठेवू नका. काकूंनी गोधड्या भिंतीवर ठेवायला अर्थातच नकार दिला. गालिचा आणि पडदा मात्र त्यांनीच दादरला जाऊन आणले.

स्पीकरची जागा

साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा ट्वीटर १० किलोहर्ट्झच्या वर टॉर्चसारखा सरळ झोत टाकू लागतो. स्पीकर थेट तुमच्या नाकाकडे वळवलेले असतील तर तो झोत पूर्ण अंगावर येतो. ते थोडे बाहेर फिरवा, इतके की त्यांच्या रेषा तुमच्या डोक्यामागे भेटतील. तरी टोचलं तर समांतर ठेवून पाहा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर असावा. टीव्ही युनिटवर ठेवायचे तर अगदी पुढच्या कडेला आणा. मागे सारले की समोरची लाकडी फळी आरशाचं काम करते.

बास, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, कमी असेल तर ट्रेबल उगाचच जास्त वाटतो. म्हणून स्पीकर मागच्या भिंतीकडे थोडे सरकवूनही पाहा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लाल-काळ्याची चूक शोधा. एका स्पीकरची तार उलटी लागली की दोन वूफर एकमेकांविरुद्ध हलतात, बास गायब होतो आणि आवाज पातळ, कर्कश, दिशाहीन होतो. तारेवर खूण नसेल तर तिचं अँपकडचं टोक सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलची धन बाजू स्पीकरच्या लाल टर्मिनलकडच्या तारेला लावल्यावर वूफर बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर सारखेच हलले पाहिजेत.

अँपच्या आधीचे चोर

'लाउडनेस' बटण दाबलेलं असेल तर सोडा. ते हळू आवाजासाठी बास आणि ट्रेबल दोन्ही उचलतं. फोनमधला इक्वलायझर, टीव्हीचा 'क्लिअर व्हॉइस' मोड, अँपचा ट्रेबलचा नॉब, सगळं शून्यावर आणा.

घरात जुना अँप असेल, सोनोडाइनचा वा कॉस्मिकचा, तर एक खास गोष्ट पाहा. त्या काळच्या बऱ्याच अँप्सच्या इनपुटला १५०-२०० मिलिव्होल्ट पुरत. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल आवाजाचा विजेचा संकेत करणारी पेटी) २ व्होल्ट देतो, म्हणजे दहापट. काही अँप्समध्ये व्हॉल्यूमच्या नॉबआधीच एक सर्किट असतं आणि ते या माऱ्याने ओसंडतं. नॉब जरासा फिरवताच आवाज खूप मोठा होतो आणि हळू असतानाही धारदार लागतो, ही याची खूण. डॅकचा किंवा फोनचा आवाज निम्म्यावर आणून नॉब वर घ्या. कर्कशपणा गेला तर अँप ठणठणीत आहे. सीडी प्लेअर असेल तर मधे एक अटेन्युएटर, म्हणजे संकेत कमी करणारा जोड, लावा.

आता जोडीचा हिशेब

इथवर येऊनही टोचत असेल तर अँपकडे वळू.

*ताकद.* स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, उदाहरणार्थ ८४ डेसिबल. म्हणजे साधारण एक वॅटला एक मीटरवर ८४ डेसिबल. अडीच मीटरवर बसलात तर सुमारे ८ डेसिबल वजा, दोन स्पीकरचे ३ अधिक. सोफ्यावर मिळाले ७९. आता सरासरी ७५ डेसिबलला ऐकायचं म्हटलं, फार मोठं नाही, तरी तबल्याची थाप सरासरीपेक्षा १५ डेसिबल सहज वर जाते. म्हणजे ९०. कमी पडतात ११ डेसिबल. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट आणि १० डेसिबलला दहापट, या हिशेबाने साडेबारा वॅट लागतात. खोली आवाज थोडा परत देते, म्हणून प्रत्यक्षात काहीसे कमी पुरतील. पण काठावर राहू नका, दुप्पट-तिप्पट हाताशी ठेवा.

माझ्या भाच्याच्या गोरेगावच्या खोलीत हाच घोळ होता. तळहाताएवढा क्लास-डी (स्विचिंग पद्धतीचा) अँप, खोक्यावर ५० वॅट, स्पीकर ८४ डेसिबल आणि ८ ओहमचे. अँपला लावलेला अडॅप्टर मात्र १२ व्होल्टचा. १२ व्होल्टवर असा अँप ८ ओहमला स्वच्छ असे जेमतेम ८ वॅट देतो. प्रत्येक जोरदार थापेला लाटेचा माथा छाटला जायचा. त्यालाच क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या माथ्यातून नको ते उंच उपस्वर जन्मतात आणि ते थेट ट्वीटरमध्ये जातात. 'धा' वाजला की मागे एक बारीक 'चर्र' येत होतं. हे फार काळ चाललं तर ट्वीटर जळतो. ट्वीटर छोट्या अँपनेही जळतात ते असे. अँपवर २४ व्होल्ट चालतात असं लिहिलेलं होतं, ते वाचून आम्ही त्या व्होल्टचा चांगला अडॅप्टर लावला. 'चर्र' थांबलं.

*इम्पिडन्स.* ८ ओहम लिहिलेला स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो ६.४ च्या खाली जायला नको, पण ४ पर्यंत घसरणारे भरपूर आहेत. तुमच्या मॉडेलचं कुणी केलेलं मोजमाप मिळालं तर सर्वांत खालचा आकडा पाहा. अँपच्या मागे '६ ते १६ ओहम' लिहिलं असेल आणि स्पीकर ३.५ वर जात असेल, तर मोठ्या आवाजात अँप करंटला कमी पडेल आणि परिणाम क्लिपिंगसारखाच होईल. अशा वेळी ४ ओहमला किती वॅट हे स्पष्ट लिहिणारा अँप निवडा. ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ८०-९० देत असेल तर त्याचा वीजपुरवठा दमदार आहे.

*आउटपुट इम्पिडन्स.* याबद्दल फार कमी बोललं जातं, पण ट्रेबलचा खरा खेळ इथेच आहे. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपचा डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे ८ ओहमला अँपच्या आउटपुट इम्पिडन्सने भागून येणारा आकडा, समजा ४ आहे. म्हणजे त्याचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहम. स्पीकरचा इम्पिडन्स एका ठिकाणी ५ ओहम आणि क्रॉसओव्हरपाशी (वूफर-ट्वीटरच्या हद्दीपाशी) २० ओहम असेल, तर ५ ओहमपाशी पाचसप्तमांश व्होल्टेज पोहोचतं, २० ओहमपाशी वीसबाविसांश. फरक दोन डेसिबलहून थोडा जास्त. आणि तो उंचवटा बरोबर २-३ किलोहर्ट्झला, कान जिथे हळवा तिथेच. 'वॉर्म' म्हणून आणलेला व्हॉल्व्ह अँप असा कर्कश ठरू शकतो, आणि इम्पिडन्सची रेघ वेगळी असलेल्या दुसऱ्या स्पीकरवर तोच लोण्यासारखा वाजतो. व्हॉल्व्ह हवाच असेल तर इम्पिडन्सची रेघ सपाट असलेला स्पीकर शोधा, किंवा अँपवरचं ४ ओहमचं टर्मिनल वापरून पाहा. तिथे आउटपुट इम्पिडन्स कमी असतो. ट्रान्झिस्टर अँपचा आउटपुट इम्पिडन्स ०.०५ ओहम धरला तर हाच फरक ०.०६ डेसिबल उरतो. तो कुणालाही ऐकू येणार नाही.

स्वस्त क्लास-डीमध्ये याचीच वेगळी आवृत्ती आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ सारख्या चिपवरच्या छोट्या बोर्डांत आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचं फिल्टर असतं. ते एका ठरावीक ओहमसाठी बेतलेलं असतं आणि फीडबॅकच्या, म्हणजे अँप स्वतःची चूक सुधारतो त्या फेऱ्याच्या, बाहेर राहतं. बेतलं ४ ओहमसाठी आणि लावला ८ ओहमचा स्पीकर, ज्याचा इम्पिडन्स वरच्या टोकाला आणखी चढतो, की १० किलोहर्ट्झच्या पुढे एक-दोन डेसिबलची चढण तयार होते. झांजा चुरचुरतात त्या अशा. फिल्टरनंतरून फीडबॅक घेणारा क्लास-डी अँप घेतलात तर हा प्रश्न येत नाही.

चहाच्या किमतीचा इलाज

गालिचा, पडदा, जागा, सगळं करूनही काकांचे स्पीकर वरच्या पट्ट्यात किंचित तीक्ष्णच राहिले. तो त्यांचा मूळ स्वभाव. त्यांच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या होत्या, वरची ट्वीटरची आणि खालची वूफरची, पितळी पट्ट्यांनी जोडलेल्या. तुमच्याकडे अशा असतील तर हा उपाय जरूर करा.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, १ ओहम आणि १.५ ओहमचे १० वॅटचे 'सिमेंट रेझिस्टर' दोन-दोन घ्या. पांढऱ्या खडूच्या तुकड्यासारखे दिसतात. अँप बंद करून प्लग काढा. फक्त लाल बाजूची पितळी पट्टी काढा, काळी तशीच राहू द्या. अँपची तार खालच्या जोडीलाच हवी. आता खालच्या लाल टर्मिनलपासून वरच्या लालपर्यंत १ ओहमचा रेझिस्टर लावून घट्ट आवळा. त्याची पाय-तार काळ्या टर्मिनलला कुठेही शिवत नाही हे बोटाने चाचपून पाहा. दुसऱ्या स्पीकरलाही तसंच करा.

ट्वीटरचा विभाग ८ ओहमचा असेल तर १ ओहमने सुमारे १ डेसिबल कमी होतं आणि १.५ ने दीड. तो ४ ओहमचा असेल तर १ ओहमनेच जवळजवळ २ डेसिबल. एक डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतो, पण अख्ख्या ट्रेबलभर पसरला की तासाभराने कान थकत नाहीत. आठवडाभर ऐका. आवाज मंद वाटला तर पट्टी परत लावा, स्पीकरला काहीही झालेलं नसतं.

टर्मिनलची एकच जोडी असेल तर स्पीकर उघडण्यापेक्षा इक्वलायझर बरा. स्ट्रीमरमध्ये (इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्रात) पॅरामेट्रिक, म्हणजे हवा तो पट्टा निवडू देणारा, इक्वलायझर असेल तर तान खुपत असल्यास ३ किलोहर्ट्झला उणे २ डेसिबल, क्यू (पट्ट्याच्या रुंदीचा आकडा) १. 'स' टोचत असल्यास ६ किलोहर्ट्झच्या वर उणे २ ची शेल्फ, म्हणजे तिथून वरचं सगळं सारखंच खाली. सुरुवातीला एवढंच. मोजूनच करायचं असेल तर रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त मोजणीचा माइक घ्यावा लागतो.

तरीही विकत घ्यायचंच असेल तर

दुकानाच्या श्रवणकक्षात गालिचे आणि जाड पडदे असतात, तिथे सगळंच गोड वाजतं. परत करण्याची मुदत लिहून घ्या आणि आपल्याच हॉलमध्ये ऐका. दोन अँप पडताळताना दोघांचा आवाज आधी सारखा करा. एकाच फ्रिक्वेन्सीचा टोन लावून स्पीकर टर्मिनलवरचं एसी व्होल्टेज मल्टीमीटरने जुळवा. जरासा मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो.

"शंभर तास वाजवा, आपोआप मऊ होईल" असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका. त्या शंभर तासांत बहुधा आपला कानच सरावतो, आणि परतीची मुदत उलटून जाते.

चोरबाजारातून जुना अँप घेणार असाल तर मल्टीमीटर बरोबर न्या. काही न वाजवता स्पीकर टर्मिनलवरचं डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर असेल तर तो अँप घरी आणू नका.

तारेचं फार मनावर घेऊ नका. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा पाच मीटर लांबीला, जाऊन-येऊन, ०.१२ ओहम रोध होतो. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते खाऱ्या, दमट हवेने. जुलैत काकांच्या हॉलच्या काचा दिवसदिवस बंद असतात, तेव्हा आवाज पुन्हा थोडा धारदार होतो. मग जाड पडदा पूर्ण ओढून घ्यायचा. गणपतीच्या आधी एकदा टर्मिनल सैल करून पाहायचे, आणि तारेचं टोक काळं किंवा हिरवं पडलेलं दिसलं तर तेवढं कापून, नवं सोलून पुन्हा आवळायचं.